पुस्तकाच्या पोटातले यंत्र

समजा, एका शेतकऱ्याने २० क्विंटल कापूस विकला आणि त्याला क्विंटलमागे २००० रुपये भाव मिळाला. त्याच्या हाती एकूण किती रुपये आले? यवतमाळ जिल्ह्यातला पाचवीतला मुलगाही हे गणित तोंडी करील. उत्तर ४०,००० रुपये. आता हेच गणित करणारा पाच-सहा ओळींचा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिला आणि १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडच्या कॉलेजांतून सर्रास वापरला जाणाऱ्या टर्बो सी या कंपायलरवर चालवला, तर पडद्यावर उत्तर येई – उणे २५,५३६! म्हणजे कापूस देऊन वर शेतकऱ्याकडेच देणे निघाले. तोच प्रोग्रॅम आजच्या एखाद्या कंपायलरवर चालवा. उत्तर बरोबर ४०,००० येईल.

कारण अगदी सोपे आहे. सी भाषेत पूर्णांक साठवण्यासाठी 'इंट' हा प्रकार वापरतात. टर्बो सी एका इंटसाठी दोन बाइट, म्हणजे १६ बिट जागा देत असे. १६ बिटांत ६५,५३६ वेगवेगळ्या संख्या मावतात. त्यातल्या निम्म्या ऋण संख्यांना दिल्यामुळे इंटची मर्यादा उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत होती. ४०,००० त्या पलीकडे जातात. स्कूटरचा किलोमीटर मोजणारा आकडा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तशीच ही संख्याही फिरून मागच्या बाजूने येते : ४०,००० वजा ६५,५३६ बरोबर उणे २५,५३६. आजचे बहुतेक कंपायलर इंटला चार बाइट देतात. त्यामुळे दोनशे कोटींच्या पुढे जाईपर्यंत ही अडचण येत नाही.

आता अशा विद्यार्थ्याचा विचार करा, की ज्याच्या हातात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे पुस्तक आहे आणि समोर आजचा संगणक आहे. पुस्तक म्हणते इंट दोन बाइटचा. पडदा म्हणतो चार. पुस्तकातला पहिलाच प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवला तरी पडद्यावर चुकांची यादी येते. खेड्यातून आलेला, इंग्रजीशी आधीच झगडणारा हा मुलगा अशा वेळी पुस्तकाला किंवा यंत्राला दोष देत नाही. 'आपल्याला हे जमणार नाही' असे म्हणून तो वही मिटतो. चूक पुस्तकाच्या निवडीची असते, पण नुकसान मात्र मुलाचे होते.

दरवर्षी जूनमध्ये आपल्यापैकी अनेकांना हा प्रश्न ऐकावा लागतो : "सर, प्रोग्रॅमिंग शिकायचं आहे, कोणतं पुस्तक घेऊ?" आपण आपल्या वेळचे नाव सांगतो. ते उत्तर पुरेसे का नाही, हे समजण्यासाठी आपल्याकडे लोक संगणकाच्या भाषा कशावरून शिकत आले, याचा इतिहास थोडा पाहायला हवा.

यंत्र दूर, वही जवळ

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक पूर्णपणे कार्यान्वित झाला. तो भारतातच रचलेला आणि बांधलेला होता. त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा तर त्या यंत्राच्या स्वतःच्या आज्ञा माहीत असणे भाग होते. दुसऱ्या कोणत्याही यंत्रावरचे पुस्तक येथे कुचकामी ठरले असते. यंत्र बांधणारे आणि चालवणारे लोक हेच शिकण्याचे साधन होते.

हे अवलंबित्व कमी करण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे फोरट्रान ही भाषा. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीने ती १९५७ मध्ये उपलब्ध केली. सूत्र जवळजवळ गणिताच्या वहीत लिहितो तसेच लिहायचे आणि यंत्राच्या भाषेत त्याचे रूपांतर करण्याचे काम कंपायलर नावाच्या प्रोग्रॅमवर सोपवायचे, ही तिची कल्पना. भाषा यंत्रापासून थोडी सुटी झाली आणि त्याबरोबरच भाषेवर पाठ्यपुस्तक लिहिणे शक्य झाले. डॅनियल मॅक्रॅकन यांचे फोरट्रानवरचे पुस्तक १९६१ साली आले आणि जगभर वापरले गेले.

आपल्या देशात १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हा संगणक आला, तर १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसवला गेला. कानपूरला विद्यार्थ्यांना फोरट्रान शिकवताना प्रा. व्ही. राजारामन यांना एक अडचण जाणवली. परदेशी पुस्तके महाग होती. तेव्हा त्यांनी आपल्या शिकवण्यातूनच पुस्तक तयार केले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते विद्यार्थ्यांना परवडेल अशा किमतीत उपलब्ध झाले. पुढे अनेक वर्षे त्यांची पुस्तके देशभर अभ्यासली गेली.

त्या काळच्या शिकण्याची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. विद्यार्थ्याचा हात यंत्राला लागत नसे. प्रोग्रॅमची एकेक ओळ एकेका कार्डावर भोके पाडून उमटवायची, कार्डांचा गठ्ठा संगणक केंद्रात द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची. एक स्वल्पविराम चुकला तरी सारी फेरी वाया. म्हणून प्रोग्रॅम आधी कागदावर हाताने चालवून पाहण्याची शिस्त आली. प्रत्येक चलाची किंमत ओळीगणिक तक्त्यात मांडायची आणि मगच कार्डे भरायची. त्याला 'ड्राय रन' म्हणतात. त्या काळच्या चांगल्या पुस्तकाची कसोटी हीच होती, की यंत्राशिवाय, नुसत्या वही-पेन्सिलीवर ते किती दूर नेते.

दिवा लागताच बेसिक

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी १९६४ मध्ये बेसिक ही भाषा सुरू केली, ती विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. आज्ञा टंकित करायची आणि उत्तर लगेच घ्यायचे, अशी सोय तिच्यात होती. चूक केली की ताबडतोब कळे, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा फार मोठा फरक होता.

भारतातल्या शाळांपर्यंत बेसिक पोचली ती १९८४-८५ मध्ये. केंद्र सरकारने 'क्लास' या नावाचा प्रायोगिक प्रकल्प सुमारे २५० शाळांमध्ये सुरू केला. त्यासाठी ब्रिटनमधला बीबीसी मायक्रो हा संगणक निवडला गेला. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने आपल्या संगणक साक्षरता मोहिमेसाठी १९८१ मध्ये एकॉर्न कंपनीकडून तो तयार करून घेतला होता. ब्रिटनमध्ये त्याच्या जोडीला १९८२ पासून दूरचित्रवाणी मालिकाही दाखवली गेली. म्हणजे यंत्र, पुस्तिका आणि मालिका अशी तिन्ही साधने एकमेकांसाठी बेतलेली होती.

या यंत्राचा दिवा लागला की दुसरे काही न उघडता पडद्यावर थेट बेसिकच येई. काय शिकायचे हे यंत्रानेच ठरवून ठेवले होते. बीबीसी बेसिक चांगली होती. मोठ्या प्रोग्रॅमचे नाव दिलेले लहान भाग करण्याची सोय तिच्यात होती. परंतु काही वर्षांतच डॉसवर चालणारे पीसी सर्वत्र आले. त्यांच्यावर जीडब्ल्यू-बेसिक असे आणि तिच्यात ही नावांची सोय नव्हती. तेथे ओळीच्या क्रमांकावर उडी मारावी लागे. बीबीसी मायक्रोच्या पुस्तिकेतले बरेचसे प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालेनासे झाले. ज्यांनी केवळ आज्ञा पाठ केल्या होत्या त्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. मात्र अट कशी घालावी, एखादी कृती पुन्हा पुन्हा कशी करून घ्यावी, मोठ्या कामाचे तुकडे कसे पाडावेत, हे ज्यांना उमगले होते त्यांची शिदोरी नव्या यंत्रावरही कामी आली.

नागपूरचे पुस्तक

सी भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवली. तिच्यावरचे पहिले पुस्तक ब्रायन कर्निगन आणि स्वतः रिची यांनी १९७८ मध्ये लिहिले. जगातल्या उत्तम तांत्रिक पुस्तकांत त्याची गणना होते, आणि आजही 'सी शिकायची तर तेच वाचा' असा सल्ला मिळतो. परंतु हे पुस्तक अगदी नवशिक्यांसाठी नाही, चल, आवर्तन यांसारख्या मूलभूत कल्पना वाचकाला ठाऊक आहेत असे आम्ही धरले आहे, असे लेखकांनी प्रस्तावनेतच सांगितले होते. ती प्रस्तावना न वाचता दिलेला सल्ला कित्येकांना महागात पडला.

त्या पहिल्या आवृत्तीत एक लहानसा तक्ता आहे. चार वेगवेगळ्या यंत्रांवर इंटचा आकार किती, हे त्यात दिले आहे : एकावर १६ बिट, दोनांवर ३२ आणि एकावर चक्क ३६. म्हणजे इंटचा आकार भाषेने ठरवलेला नसून तो यंत्रावर आणि कंपायलरवर अवलंबून असतो, ही गोष्ट पहिल्या दिवसापासून छापील होती. आपल्याकडे मात्र 'इंट म्हणजे दोन बाइट' हे वाक्य 'पाणी १०० अंशांना उकळते' अशा थाटात पाठ झाले. पाणी किती अंशांना उकळते हे हवेच्या दाबावर ठरते, हे आपण मुलांना सांगतोच. मग इंटच्या बाबतीत का सांगू नये?

विदर्भात पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये आणि यवतमाळला जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ मध्ये सुरू झाले. मधल्या काळात बोरलँड कंपनीचा टर्बो सी १९८७ साली बाजारात आला होता. लिहिणे, तपासणे आणि चालवणे ही तिन्ही कामे एकाच पडद्यावर करून देणारा हा कंपायलर साध्या पीसीवरही चपळ चाले. आणि १९९० च्या दशकात त्याला साजेसे पुस्तक मिळाले तेही विदर्भातूनच. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे ते पुस्तक. कानेटकर मुंबईच्या व्हीजेटीआयचे पदवीधर आणि कानपूर आयआयटीचे एम.टेक.

हे पुस्तक देशभर का चालले? त्याचे इंग्रजी साधे आणि गप्पा मारल्यासारखे आहे. लहान लहान पूर्ण प्रोग्रॅम, त्यांची उत्तरे, 'या प्रोग्रॅमचे उत्तर काय येईल' आणि 'यातली चूक शोधा' असे प्रश्न प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आहेत. ज्याच्या वाट्याला आठवड्यातून एखादा तास संगणक येई, ज्याच्या गावात तासन्‌तास वीज नसे, अशा विद्यार्थ्याला हे प्रश्न रात्री कंदिलाच्या उजेडातही सोडवता येत. कार्डांच्या काळातला ड्राय रन येथे पुन्हा उपयोगी पडला. हाताशी असलेल्या यंत्राला आणि परिस्थितीला जुळणारे पुस्तक कसे असते, याचा हा चांगला दाखला आहे.

मात्र काळ पुढे गेला. सी भाषेचे अमेरिकन प्रमाण १९८९ मध्ये आणि सी प्लस प्लसचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये ठरले. कानेटकरांच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांत विंडोज आणि लिनक्सवरच्या सीची प्रकरणे आली. लेखक पुढे गेला. वर्ग मागे राहिले. विद्यार्थ्यांच्या हाती जुन्याच आवृत्त्यांच्या प्रती फिरत राहिल्या आणि प्रयोगशाळांत टर्बो सी प्लस प्लस तसाच राहिला. नव्या ६४ बिटी विंडोजवर तो चालेना, तेव्हा डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रॅमने यंत्रात जुने यंत्र उभे करून तो चालवला गेला. बारावीच्या बायफोकल वर्गात 'आयओस्ट्रीम डॉट एच' आणि 'व्हॉइड मेन' शिकून गेलेल्या मुलांना पुढे आजच्या कंपायलरने या दोन्ही गोष्टी नाकारल्यावर धक्का बसला, तो यामुळेच.

परीक्षांतही हा जुना कंपायलर मुरला. एकाच ओळीत एखाद्या चलाची किंमत दोन-तीनदा वाढवून 'उत्तर काय येईल' असे विचारणारे प्रश्न आपल्याकडे लोकप्रिय होते. सीच्या प्रमाणानुसार अशा ओळीचे उत्तर निश्चितच नसते. वेगवेगळे कंपायलर वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात. अशा प्रश्नाला एकच उत्तर बरोबर धरणारा परीक्षक भाषेचे ज्ञान तपासत नसतो, स्वतःजवळच्या कंपायलरची सवय तपासत असतो.

अडसर किती शब्दांचा?

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीमुळे प्रोग्रॅमिंग जमत नाही, असे आपण वारंवार ऐकतो. येथे थोडा हिशोब करू. १९८९ च्या प्रमाणानुसार सी भाषेत राखीव शब्द आहेत फक्त ३२. इफ, एल्स, व्हाइल, रिटर्न असे हे शब्द कोणताही शिक्षक दोन तासांत मराठीतून समजावू शकेल. अडसर आहे तो या ३२ शब्दांचा नव्हे, त्यांच्याभोवती लिहिलेल्या पाचशे पानांच्या इंग्रजीचा. भाषा इंग्रजीच राहिली तरी समजावणे मराठीतून होऊ शकते.

याचा चांगला नमुना मुंबईच्या आयआयटीत तयार झाला. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तेथे 'स्पोकन ट्यूटोरिअल' हा उपक्रम उभा राहिला. केंद्र सरकारच्या २००९ मध्ये सुरू झालेल्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मिशनमधून त्याला साहाय्य मिळाले. साधारण दहा मिनिटांची ध्वनिचित्रफीत, तिच्यात पडद्यावरचे सारे इंग्रजीतच आणि निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांतून. पडद्याच्या अर्ध्या भागात फीत आणि उरलेल्या अर्ध्यात आपला प्रोग्रॅम उघडून, निवेदकाबरोबर एकेक पायरी स्वतः करत जावे, अशी तिची पद्धत आहे. फिती उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवायही चालतात. झरी जामणी किंवा मारेगावसारख्या तालुक्यात हा गुण मोलाचा ठरतो. नुसते पाहत बसले तर मात्र उपयोग नाही. काठावर बसून पोहणाऱ्याकडे पाहिल्याने पोहता येत नाही.

एनसीईआरटीने २०१९ मध्ये अकरावीचे आणि २०२० मध्ये बारावीचे संगणकशास्त्राचे पाठ्यपुस्तक काढले. त्यांत पायथन भाषा आहे आणि ती विनामूल्य उतरवून घेता येतात. २०२० च्याच राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यापासून, म्हणजे सहावीपासून, कोडिंगचा विचार मांडला. त्यामुळे पुस्तक सुचवण्याची जबाबदारी आता कॉलेजातल्या शिक्षकापुरती राहिलेली नाही.

पायथनच्या बाबतीतही जुनी गोष्ट पुन्हा घडली आहे. ही भाषा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, तिची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली आणि दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. दोन्हींमध्ये फरक आहे. दुसऱ्या आवृत्तीत 'प्रिंट' पुढे कंस न घालता मजकूर लिहिता येई. तिसरीत कंस लागतोच. म्हणून एखाद्या पुस्तकात प्रिंटनंतर कंस दिसला नाही, तर ते पुस्तक कितीही सुरेख असले तरी नवशिक्याच्या हाती देऊ नये.

निवडताना काय पाहावे?

या साऱ्या इतिहासावरून दिसते ते असे, की प्रत्येक पुस्तकाच्या, प्रत्येक फितीच्या पोटात एक यंत्र दडलेले असते. ते यंत्र शिकणाऱ्याच्या समोर असेल तर साधन कामाचे. म्हणून शिफारस करण्यापूर्वी शिक्षकाने अर्धा तास काढून चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली : पुस्तकातला पहिला प्रोग्रॅम शाळेतल्या संगणकावर जसाच्या तसा उतरवून चालवावा. तो चालला नाही तर पुढे जाऊ नये.

दुसरी : प्रस्तावना वाचावी. पुस्तक कोणासाठी लिहिले आहे, हे चांगला लेखक तेथेच सांगतो.

तिसरी : भाषेचा नियम कोणता आणि विशिष्ट यंत्राची सवय कोणती, हे पुस्तक वेगळे करून सांगते का, ते पाहावे. सीच्या पुस्तकात इंटच्या आकाराचा परिच्छेद उघडला की याचा निकाल लागतो.

चौथी : शिकणाऱ्याला चुकायला वाव आहे का? चुकीचा प्रोग्रॅम देऊन 'दुरुस्त करा', चालणारा प्रोग्रॅम देऊन 'यात असा बदल करा', असे साधन सांगते का? नुसती उत्तरे देणारे साधन परीक्षेपुरते उपयोगी पडते.

या चार कसोट्यांवर दोन वेगळ्या विद्यार्थ्यांसाठी दोन वेगळी उत्तरे येतील, आणि तेच योग्य. घरी संगणक नसलेल्या मुलीला ड्राय रनचे भरपूर प्रश्न असलेले पुस्तक द्यावे. जिच्यासमोर यंत्र आहे तिला करून पाहायला लावणारी फीत द्यावी.

शेवटी, वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग. टर्बो सी शोधत बसण्याची गरज नाही. आजच्या बहुतेक कंपायलरवर 'शॉर्ट' हा प्रकार दोन बाइटचा असतो. कापसाच्या प्रोग्रॅममध्ये एकूण रकमेच्या चलापुढचा इंट काढून शॉर्ट लिहा आणि चालवा. सामान्यतः उणे २५,५३६ पुन्हा दिसतील. कारण सांगू नका. मुलांना ग्रंथालयातली पुस्तके चाळायला सांगा. ज्या पुस्तकात त्यांना उत्तर सापडेल ते कपाटात पुढे ठेवा.